अपवादाने नियम सिद्ध होतो, तो नेमका केव्हा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. ऑफिसातल्या गप्पांमध्ये एक सहकारी म्हणाला, की मराठी माध्यमातून शिकलेली मुलं इंग्रजीत कायम मागे पडतात. तुम्ही तुमच्या वर्गमैत्रिणीचं उदाहरण दिलंत. ती गावातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि आज उच्च न्यायालयात इंग्रजीतून युक्तिवाद करते. त्यावर तो म्हणाला, "द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल", आणि चर्चा तिथेच थांबली. आता तुम्हाला हे हवंय: या वाक्प्रयोगाचा अर्थ काय, अपवादामुळे नियम सिद्ध कसा होऊ शकतो, आणि आपण तो कुठे वापरावा.

यात अर्थाचा प्रश्न सोपा आहे, कुठल्याही कोशात तो मिळेल. तुम्हाला खरं टोचतंय ते वेगळंच असावं असं मला वाटतं. तुम्ही दिलेलं उदाहरण त्याच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं होतं आणि त्याने ते उलट स्वतःच्या बाजूने वळवून घेतलं. असं करता येतं का? मी कायद्याच्या मसुद्यांचं आणि करारांचं इंग्रजी-मराठी भाषांतर करते. हा वाक्प्रयोग मुळात आमच्याच क्षेत्रातला आहे आणि कामात त्याच्याशी वरचेवर गाठ पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाभा सांगते. अपवाद दोन तऱ्हेचे असतात. एक, कुणीतरी जाणूनबुजून केलेला. दुसरा, आपल्याला फिरता फिरता सापडलेला. केलेल्या अपवादावरून नियम सिद्ध होतो, आणि तो चांगला पक्का सिद्ध होतो. सापडलेल्या अपवादावरून होत नाही. तिथे नियम एकतर मोडतो, नाहीतर त्याला मुरड घालावी लागते. या वाक्प्रयोगाबद्दलचा जवळजवळ सगळा गोंधळ हे दोन वेगळे अपवाद एकाच नावाने वावरतात म्हणून होतो.

केलेला अपवाद म्हणजे काय ते रस्त्यावरच दिसतं. पुण्यात एखाद्या गल्लीच्या तोंडाशी 'सम तारखेस नो पार्किंग' अशी पाटी असते. विषम तारखेला गाडी लावता येते असं त्या पाटीवर कुठेही लिहिलेलं नसतं, तरी आपण विषम तारखेला निर्धास्तपणे गाडी लावतो. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, एवढं कळलं की शनिवारचं तिकीट काढायला आपण घाबरत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या काही डब्यांवर '२४ तास' असं लिहिलेलं असतं. ते वाचूनच कळतं की महिलांचे बाकीचे डबे चोवीस तास राखीव नाहीत, रात्रीच्या ठरावीक वेळेत ते सर्वांना खुले होतात. या तिन्ही ठिकाणी नियम लिहिलेलाच नाही. लिहिलाय तो अपवाद, आणि त्यावरून आपण न लिहिलेला नियम बिनचूक ओळखतो. 'सिद्ध होतो' म्हणतात तो असा.

हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजीच्या वापराचा जो कोश काढला, त्यात याच वाक्प्रयोगाला बरीच जागा दिली आहे. त्यांचं उदाहरण सैन्याच्या बराकीतलं आहे: आज रात्री जवानांना अकरा वाजेपर्यंत बाहेर राहायची खास परवानगी आहे. हा हुकूम वाचणाऱ्याला लगेच कळतं, की एरवी त्यांना अकराच्या आत परतावं लागतं. फाउलर यांनी या वाक्प्रयोगाचे पाच वापर वेगळे काढले, त्यात हा पहिला आणि मूळचा. शेवटच्या दोन वापरांना त्यांनी सरळ निरर्थक ठरवलं. तुमच्या सहकाऱ्याचा वापर त्या शेवटच्या टोकाकडचा आहे, पण त्याच्याकडे नंतर येते.

मुळाशी जायचं तर रोममध्ये जावं लागतं. इसवी सनापूर्वी ५६ साली सिसेरोने लुसियस कॉर्नेलियस बाल्बस नावाच्या माणसाचं वकीलपत्र घेतलं होतं. बाल्बस स्पेनमधल्या गादेस शहराचा, म्हणजे आजच्या कादिझचा. स्पेनमधल्या युद्धात त्याने रोमची सेवा केली म्हणून रोमन सेनापती पाँपेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. विरोधकांनी खटला भरला: गादेसचा रोमशी तह आहे, तेव्हा तिथल्या माणसाला असं परस्पर नागरिकत्व देताच येत नाही. सिसेरोने इतर तहांकडे बोट दाखवलं. केनोमानी, इन्सुब्रेस, हेल्व्हेटी अशा काही जमातींशी झालेल्या तहांत स्पष्ट कलम होतं, की त्यांच्यातल्या कुणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये. गादेसच्या तहात तसं कलम नव्हतं. त्याचा युक्तिवाद असा: अपवादाच्या कलमामुळे एखादी गोष्ट निषिद्ध होत असेल, तर जिथे ते कलम नाही तिथे त्या गोष्टीची मुभा असलीच पाहिजे. नाहीतर ते कलम घालायची गरजच काय होती? बाल्बस सुटला, आणि पुढे इसवी सनापूर्वी ४० साली रोमचा कॉन्सल झाला. परदेशात जन्मून त्या पदावर पोचलेला तो पहिलाच.

सिसेरोच्या युक्तिवादाचा कणा त्या शेवटच्या प्रश्नात आहे. अपवाद करणारा माणूस शहाणा आहे, शब्द उगाच वापरत नाही, असं आपण धरून चालतो. त्याने अपवाद केला याचा अर्थ त्याच्या मनात नियम होता. अपवाद हा इथे साक्षीदारासारखा उभा राहतो, आणि साक्ष देतो ती नियम करणाऱ्याच्या मनातल्या हेतूची.

इंग्लंडच्या कायद्यात हेच तत्त्व सतराव्या शतकापासून लॅटिन सूत्राच्या रूपात फिरू लागलं: एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस. म्हणजे, ज्या बाबी वगळलेल्या नाहीत त्यांच्यापुरता अपवादाने नियम सिद्ध होतो. पुढे बोलण्यात सूत्राची शेपटी गळून पडली. 'वगळलेल्या नाहीत त्यांच्यापुरता' हे शब्द गेले आणि नुसतं 'अपवादाने नियम सिद्ध होतो' उरलं. आता ते ऐकायला चमत्कारिक वाटतं, आणि चमत्कारिक वाटतं म्हणूनच वादात समोरच्याला गप्प करायला सोयीचं पडतं.

इथे एक लोकप्रिय स्पष्टीकरण तुम्हाला कुणीतरी नक्की ऐकवेल. ते असं, की इथे 'प्रूव्ह' म्हणजे सिद्ध करणं नव्हेच, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पारखणं असा होता, तेव्हा अपवाद नियमाची कसोटी घेतो एवढंच म्हणायचं आहे. तो जुना अर्थ खरा आहे. पुडिंगची परीक्षा खाण्यात, या इंग्रजी म्हणीत तोच आहे. पण या वाक्प्रयोगाच्या इतिहासाला तो लागू होत नाही. 'ज्या बाबी वगळलेल्या नाहीत त्यांच्यापुरती नियमाची परीक्षा होते' याला काही अर्थच उरत नाही. मला या स्पष्टीकरणाबद्दल आणखी एक तक्रार आहे: ते ऐकून माणसाला कोडं सुटल्याचं समाधान मिळतं, आणि अपवादावरून नियम खरोखर सिद्ध होऊ शकतो हा मौल्यवान विचार मात्र हातातून निसटतो.

तो मौल्यवान का, हे माझ्या कामातून सांगते.

घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो. मालक मराठी मसुदा घेऊन येतात. त्यात एक कलम बऱ्याचदा असं असतं: 'परवानाधारकाने स्वयंपाकघराच्या ओट्यात बदल करण्यापूर्वी मालकाची लेखी परवानगी घ्यावी.' मालकाच्या मनात ओटा असतो, कारण आधीच्या भाडेकरूने ओटा फोडलेला असतो. पण हे एकटं वाक्य वाचणारा भाडेकरू काय समजेल? ओट्याला परवानगी लागते, म्हणजे भिंतीला भोकं पाडायला लागत नाही, बाल्कनीला जाळी बसवायला लागत नाही. आणि त्याचं समजणं अगदीच गैर म्हणता येणार नाही. मालकाने एकच गोष्ट वेगळी काढून दाखवली, तेव्हा बाकीच्या गोष्टींना मोकळीक आहे असा अर्थ निघतो. म्हणून मी सुचवते, की आधी नियम लिहा: 'सदनिकेत कोणताही बदल करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी', आणि मग हवं तर 'ओट्यासह' हा शब्द घाला. कायद्याच्या मराठीत 'यांच्या सर्वसाधारणतेस बाध न येता' असा एक जड वाक्प्रयोग दिसतो. लोक त्याला हसतात. पण तो याच कामासाठी आहे: पुढे मी काही गोष्टी नावानिशी सांगतोय, त्यावरून बाकीच्या वगळल्या असं समजू नका, असं तो बजावतो.

हीच भीती अमेरिकेची राज्यघटना घडताना फार मोठ्या पातळीवर बोलून दाखवली गेली. १७८८ साली, नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेतल्या ८४व्या लेखात अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी मूलभूत हक्कांची यादी घटनेत घालायला विरोध केला. सरकारला वृत्तपत्रांवर बंधनं घालायचा अधिकार आपण दिलेलाच नाही, मग 'वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर बंधन घालू नये' असं लिहायचं कशाला? तसं लिहिलं तर उद्या कुणी म्हणेल, हा अपवाद केलाय, म्हणजे एरवी सरकारला अधिकार असणारच. हॅमिल्टन यांचा मुद्दा बिनतोड होता. तरी हक्कांची यादी आली, आणि ती येणं गरजेचंही होतं. पण तिच्याबरोबर १७९१ साली नववी घटनादुरुस्तीही आली. ती सांगते, की काही हक्क नावानिशी दिले आहेत यावरून लोकांचे इतर हक्क नाकारले असा अर्थ काढू नये. एक संपूर्ण घटनादुरुस्ती या एका अनुमानाला आवर घालण्यासाठी लिहिली गेली. या वाक्प्रयोगात किती ताकद आहे हे मला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे आणि आजही त्याचे परिणाम आपण अनुभवतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ च्या पहिल्या खंडात सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी आहे, आणि चौथ्या खंडात मागासवर्गांसाठी आरक्षण ठेवायची मुभा आहे. चौथा खंड पहिल्याला अपवाद आहे का? सुरुवातीच्या निकालांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं मानलं होतं. देवदासन खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत लिहिलं, की हा अपवाद नाही. मग केरळ सरकार विरुद्ध एन. एम. थॉमस हा खटला आला. केरळ सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना बढतीसाठीची खात्याची परीक्षा उत्तीर्ण व्हायला जास्तीची मुदत दिली होती. हे आरक्षण नव्हतं, सवलत होती. आता सिसेरोचं गणित इथे लावून पाहा. चौथा खंड अपवाद असेल आणि त्यात फक्त आरक्षणाची मुभा असेल, तर आरक्षणाबाहेरच्या कुठल्याही सवलतीला समानतेच्या नियमाने मज्जाव होतो. १९७५ साली बहुमताने न्यायालयाने सांगितलं, की चौथा खंड अपवाद नसून समान संधीच्या तत्त्वाचाच एक भाग आहे, आणि सवलत टिकली. १९९२ साली इंद्रा सहानी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही हीच भूमिका घेतली. एखाद्या तरतुदीला अपवाद म्हणायचं की नाही, एवढ्यावर किती माणसांची बढती अवलंबून होती पाहा. म्हणून कुणी पटकन 'हा अपवाद आहे' म्हणालं की मी थांबते. तो खरंच अपवाद म्हणून लिहिलाय का, की नियमच अधिक स्पष्ट करून सांगितलाय, हे आधी ठरवावं लागतं. आणि काही अपवाद निव्वळ सावधगिरी म्हणून, कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून घातलेले असतात. त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. संदर्भ पाहिल्याशिवाय यातलं काय आहे ते सांगता येत नाही.

कायदा रुक्ष वाटत असेल तर मराठी शुद्धलेखनाकडे या. १९६२ सालच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा: कवी, बुद्धी, पाटी, जादू, पैलू. तत्सम अव्ययं, म्हणजे परंतु, तथापि यांसारखे शब्द, ऱ्हस्व राहतात. आणि अस्सल मराठी अव्ययांपैकी 'आणि' व 'नि' ही दोन ऱ्हस्व लिहावीत असं नावं घेऊन सांगितलं आहे. आता तुमच्यासमोर 'टॅक्सी' किंवा 'मेनू' असा शब्द आला. नियम करणाऱ्यांनी या शब्दांचा विचार केला असेल-नसेल, पण तुम्हाला शंका उरत नाही. अपवादांची नावं मोजून दिलेली आहेत आणि त्यात हा शब्द नाही, तेव्हा दीर्घ. ज्या मुलाला 'आणि' व 'नि' हे अपवाद म्हणून पाठ आहेत, त्याचा दीर्घाचा नियम जास्त पक्का असतो, हे मुद्रितं तपासायला शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये मी सतत पाहते.

आता सापडलेले अपवाद. इथे नियम निसर्गाचा असतो किंवा माणसांच्या वागण्याबद्दलचा आपला अंदाज असतो. तो कुणी 'केलेला' नसतो, त्यामुळे त्याला कुणी हेतुपूर्वक अपवादही केलेला नसतो. मग अशा ठिकाणी हा वाक्प्रयोग कधीच चालत नाही का? चालतो, पण फार कडक अटीवर. अट अशी, की अपवाद कशामुळे झाला ते शोधायचं, आणि ते कारण असं निघालं पाहिजे की नियम अधिकच खरा ठरेल.

खगोलशास्त्रात याची दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत. १७८१ साली युरेनसचा शोध लागला. पुढे लक्षात आलं, की न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाप्रमाणे तो जिथे असायला हवा तिथे नेमका सापडत नाही. हा नियमाला अपवाद होता. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी नियम खराच आहे असं धरलं आणि युरेनसला ओढणारा एखादा अज्ञात ग्रह कुठे असेल त्याचं गणित मांडलं. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. इथे अपवादाने नियम खरोखर सिद्ध केला. ज्या गोष्टीने न्यूटनचा नियम डळमळीत होईल असं वाटत होतं, तिचा उलगडा त्याच नियमाने झाला.

पुढे ल व्हेरिए यांनाच बुधाच्या कक्षेत तसाच अपवाद दिसला. बुधाची कक्षा शतकाला जितकी फिरायला हवी त्याहून थोडी जास्त फिरत होती. १८५९ साली त्यांनी पुन्हा तोच मार्ग धरला: सूर्याजवळ आणखी एखादा ग्रह असणार. त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. व्हल्कन कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी त्यांच्या नव्या सिद्धान्तातून शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक काढून दाखवला. म्हणजे यावेळी अपवाद खरा होता आणि नियमच अपुरा होता. माणूस तोच, नियम तोच, अपवादाची जातही तीच. एकदा नियम तरला आणि एकदा मोडला. शोध पूर्ण होण्याआधी यातलं काय होणार आहे हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. अपवाद दिसल्याबरोबर 'नियम सिद्ध झाला' म्हणणारा माणूस हा मधला सगळा शोध गाळून थेट निकाल वाचतो.

तिसराही एक वापर आहे आणि तो मला पटतो. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीची जी चर्चा झाली, जे कौतुक झालं, त्यावरून त्या काळात आपल्याकडच्या बायकांना डॉक्टर होण्याचा रस्ता किती बंद होता ते कळतं. इथे पुरावा आनंदीबाईंच्या यशात नाही, लोकांच्या आश्चर्यात आहे. एखादी गोष्ट बातमी होते तेव्हा ती रोज घडत नसते. इंग्रजी लेखक 'द एक्सेप्शन दॅट प्रूव्ह्ज द रूल' असं अर्धं वाक्य वापरतात तेव्हा चांगल्या लेखकाला बहुधा हाच अर्थ हवा असतो. पण यातही एक मर्यादा आहे. आश्चर्यावरून लोकांची अपेक्षा काय होती ते कळतं. ती अपेक्षा योग्य होती का, हे कळत नाही. बायकांना वैद्यकी जमत नाही असा त्या काळच्या कुणी नियम सांगितला असता, तर आनंदीबाईंनी तो सरळ मोडला असंच म्हणावं लागेल.

आता तुमचा सहकारी. तुमच्या मैत्रिणीला कुणी अपवाद केलेलं नाही. मराठी शाळेतल्या सगळ्यांनी इंग्रजीत मागे राहावं असा हुकूम निघाला आणि त्यातून तिला सूट मिळाली, असं झालं नाही. ती सापडलेला अपवाद आहे. तेव्हा पहिला, खणखणीत अर्थ इथे लागूच नाही. पुढचं मात्र त्याने नेमकं काय म्हटलं यावर अवलंबून आहे, आणि इथे मी तुमच्याही बाजूने पूर्ण झुकणार नाही.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे तो 'कायम' म्हणाला असेल, तर विधान सगळ्यांबद्दलचं आहे आणि एका उदाहरणाने ते पडलं. पण गप्पांत माणसं 'कायम' म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा 'बहुतेक वेळा' म्हणायचं असतं. तसं असेल तर तुमची मैत्रीण त्याचं म्हणणं खोटं पाडत नाही, कारण 'बहुतेक'मध्ये काहीजण वेगळे असणार हे धरलेलंच आहे. पण ती ते सिद्धही करत नाही. बहुतेकांबद्दलचं विधान सिद्ध व्हायला बहुतेकांकडे पाहावं लागतं. एका माणसाकडे पाहून ते ना उभं राहत, ना पडत.

मला विचाराल तर तुम्ही ल व्हेरिए यांच्या वाटेने जावं. ती मैत्रीण इंग्रजी कशी शिकली? घरी इंग्रजी वर्तमानपत्र यायचं का, एखाद्या शिक्षकाने पुस्तकं हातात दिली का, कॉलेजात वादविवाद स्पर्धा केल्या का? समजा असं कारण सापडलं. तर तुमच्या सहकाऱ्याचा नियम बदलेल. शाळेचं माध्यम बाजूला पडेल आणि 'ज्यांच्या कानावर नि डोळ्यांपुढे इंग्रजी येत नाही ती मुलं मागे पडतात' असा काहीतरी वेगळा, जास्त उपयोगी नियम हाती येईल. मग मराठी शाळेत काय करता येईल यावर बोलता येईल. चर्चा बंद करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्याला एवढंच विचारा: तिच्या उदाहरणावरून तुझा नियम कसा निघतो, ते सांगशील? पाटीवरून पार्किंगचा नियम निघतो तसा इथे तो काढता येत नाही, आणि हे त्याचं त्यालाच दिसेल. हे ओरडून नको, खरंच जाणून घ्यायचं आहे अशा सुरात विचारा.

राहिला वापर. पूर्ण वाक्य, 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल', हे इंग्रजीत आता वादातला शेवटचा शब्द म्हणून इतकं वापरलं जातं की जाणता वाचक ते पाहून सावध होतो. औपचारिक लेखनात, स्पर्धा परीक्षेच्या निबंधात किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये मी ते टाळते. अर्धं रूप, 'द एक्सेप्शन दॅट प्रूव्ह्ज द रूल', एखाद्या व्यक्तीला किंवा घटनेला उद्देशून वापरलं तर शोभतं, पण शेजारीच नियम स्पष्ट लिहिलेला हवा. 'आमच्या खात्यात रजा सहसा मिळत नाही. गेल्या महिन्यात साहेबांनी खास टिपण काढून एकाला दिलेली रजा हा त्या नियमाची खूण पटवणारा अपवाद आहे', असं लिहिता येईल, कारण खास टिपण काढावं लागलं हाच पुरावा आहे. 'आमच्या खात्यात सगळे उशिरा येतात, एक जोशी सोडून, आणि अपवादाने नियम सिद्ध होतो', हे मात्र लिहू नका. जोशी वेळेवर येतात यावरून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही.

मराठीतही 'अपवादाने नियम सिद्ध होतो' हे वाक्य आता चांगलं रुळलं आहे आणि सगळ्या बऱ्यावाईट अर्थांनी वापरलं जातं. लेख तपासताना ते दिसलं की मी लेखकाला विचारते, हा अपवाद कुणी केला? उत्तर असेल तर वाक्य ठेवते. नसेल तर तिथे 'एखादा अपवाद सोडला तर' किंवा 'अपवाद असतील, पण' असं सुचवते. त्याने लेखकाचं म्हणणं बहुतेकांबद्दलचं आहे हे प्रामाणिकपणे पुढे येतं, आणि अपवादाच्या डोक्यावर न झेपणारं ओझं चढत नाही. तुम्हालाही रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा हेच पुरेल. मूळ वाक्प्रयोग पाट्या, नियमावल्या, करार आणि कायदे वाचताना जपून वापरा; तुमचा पुढचा भाडेकरार हातात आला की त्यात 'फक्त', 'वगळता', 'याखेरीज' आणि 'परंतु' हे शब्द कुठे कुठे आहेत ते पेन्सिलीने अधोरेखित करा, आणि प्रत्येकापुढे न लिहिलेला नियम काय निघतो ते समासात लिहून मग सही करा.